टाइल्स, वॉलपेपर की रंग? चतुर्थीआधी बाथरूमच्या भिंतीला हात लावण्यापूर्वी हे वाचा

सिंधुदुर्ग : चतुर्थी महिन्यावर आली की गावागावांत रंगाचे डबे आणि टाइल्सच्या पेट्या उतरू लागतात. मुंबईहून चाकरमानी येणार, घरात पंधरा-वीस माणसं होणार, म्हणून ओटी-माजघराबरोबर बाथरूमचाही नंबर लागतो. भिंतीवर बुरशी आलेली असते, जुना ऑइल पेंट पोपडे धरून लोंबत असतो. मग घाईघाईत दोन हात रंग मारला जातो, नाहीतर मोबाइलवर बघून वॉलपेपर मागवला जातो. गणपती जाईपर्यंत भिंत चकाचक दिसते. दिवाळीला तोच रंग पापडासारखा सुटलेला असतो.

यात दोष नेहमी रंगाचा किंवा गवंड्याचा नसतो. कोकणात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपल्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या. चिरा मजबूत असला तरी सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि सावकाश सोडतो. त्यात बाथरूमची भिंत आतून रोजच्या आंघोळीने भिजते, बाहेरून पावसाच्या झडीने. ही भिंत ऑगस्टमध्ये कोरडी मिळणं कठीणच. म्हणूनच टाइल्स, वॉलपेपर की रंग हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न ओल कुठून येते हा आहे.

आधी ओल शोधा

बाथरूमच्या भिंतीत पाणी साधारण चार वाटांनी येतं. पहिली वाट बाहेरून, पावसाची. बाथरूम घराच्या मागच्या अंगाला किंवा पश्चिमेला असेल आणि बाहेरून गिलावा नसेल, नुसत्या चिऱ्याच्या दरजा भरलेल्या असतील, तर झडीचं पाणी दरजांमधून आत उतरतं. दुसरी वाट खालून, जोत्यातून. या भिंतीवर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ओलीचा पट्टा दिसतो आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरा खार फुटतो. तिसरी वाट भिंतीतल्या पाइपची. पाऊस नसतानाही एकाच जागी डाग राहत असेल आणि तो हळूहळू पसरत असेल, तर नळाचा सांधा किंवा एल्बो गळत असण्याची शक्यता मोठी. चौथी वाट म्हणजे आतली वाफ. गरम पाण्याची वाफ थंड भिंतीवर आणि स्लॅबवर बसते, थेंब धरतात आणि छताजवळच्या कोपऱ्यात काळे ठिपके येतात.

ओल भिंतीच्या आतून येते की वाफेची आहे, हे घरच्या घरी कळतं. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि एक दिवस ठेवायचा. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येते. प्लास्टिकच्या पुढच्या बाजूला दव धरलं आणि मागची बाजू कोरडी राहिली तर ती वाफ आहे. वाफेवर उपाय स्वस्त आहे. झरोका मोठा करणं, सहा इंची एक्झॉस्ट पंखा बसवणं, आंघोळीनंतर दार उघडं ठेवणं. भिंतीतल्या ओलीला मात्र बाहेरून गिलावा, दरजा, पागोळ्या किंवा पाइप यांचं कामच करावं लागतं.

इथे एक गैरसमज मोठा आहे. "ओल येते ना, मग टाइल्स मारून टाका" असं सर्रास सांगितलं जातं. टाइल ओल झाकते, थांबवत नाही. भिंतीत आलेलं पाणी टाइलच्या बाजूने बाहेर पडू शकलं नाही तर दुसऱ्या बाजूने पडतं. बाथरूमच्या पलीकडच्या खोलीत, पलंगाच्या डोक्याशी किंवा कपाटाच्या मागे रंगाचे पोपडे येतात ते याच कारणाने. दुरुस्ती मग दोन खोल्यांची होते.

चतुर्थीआधी काय, दिवाळीनंतर काय

सिमेंटवर बसणाऱ्या टाइल्सना हवेतला दमटपणा फारसा अडवत नाही. भिंत गळत नसेल तर पावसाळ्यातही टाइल्स लावता येतात. सिमेंटला घट्ट होण्यासाठी पाणी लागतंच. रंगाचं उलट आहे. पुट्टी, प्रायमर आणि रंग या तिघांनाही कोरडी भिंत लागते. वॉलपेपरला तर त्याहून कोरडी.

त्यामुळे चतुर्थीआधी करण्यासारखी कामं म्हणजे बुरशी धुऊन काढणं, सुटलेले पोपडे खरवडणं, टाइल्सचे सांधे नव्याने भरणं, गळका नळ बदलणं, पंखा बसवणं. बुरशीसाठी ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी ब्रशने लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं आणि धुऊन टाकायचं. हातमोजे घालावेत, दार-खिडकी उघडी ठेवावी. ब्लीचिंग आणि डाग काढायचं ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. एक वापरून झालं की भरपूर पाण्याने धुवावं आणि दुसरं त्या दिवशी वापरूच नये.

भिंत नुसत्या सिमेंटच्या किंवा चुन्याच्या गिलाव्याची असेल, तिच्यावर ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट नसेल, तर चुन्याचे दोन पातळ हात हा गणपतीपुरता चांगला आणि स्वस्त उपाय आहे. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि त्याच्या तीव्र अल्कलीमुळे बुरशीला जोर धरता येत नाही. गुळगुळीत रंगावर मात्र चुना टिकत नाही, सुकून गळून पडतो.

बाकीचं, म्हणजे रंग, पुट्टी, वॉलपेपर, दिवाळीनंतर काढावं. तुळशीच्या लग्नापासून शिमग्यापर्यंतचे महिने भिंतीच्या कामाला सर्वात चांगले. हवा कोरडी असते आणि चिऱ्याने प्यालेलं पाणी तोपर्यंत बऱ्यापैकी बाहेर पडलेलं असतं.

टाइल्स घेताना पेटी वाचा

दुकानात गेल्यावर डोळा नक्षीवर जातो. पण कामाची माहिती पेटीच्या बाजूला छापलेली असते. आपल्याकडे येणाऱ्या टाइल्सचा मोठा वाटा गुजरातमधल्या मोरबीचा असतो. माल एकाच गावचा असला तरी प्रकार वेगळे असतात.

भिंतीची सिरॅमिक टाइल हलकी आणि मागून सच्छिद्र असते. तिच्या मागच्या बाजूवर पाणी टाकलं तर ती पिते. तिच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी ती शोषू शकते. भिंतीला ती चालते, कारण पुढची बाजू काचेसारख्या थराने झाकलेली असते. तीच टाइल जमिनीला लावली तर ओल्या पायाने माणूस घसरेल आणि बादली आपटली की टाइल फुटेल. व्हिट्रिफाइड टाइल जड आणि घट्ट असते, अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पिते. मजबुतीला ती उत्तम. पण ती पाणीच पीत नसल्यामुळे नुसतं सिमेंट तिला नीट धरत नाही. भिंतीवर व्हिट्रिफाइड लावायची असेल तर टाइलचं केमिकल, म्हणजे पोत्यात मिळणारं ॲडहेसिव्ह, वापरावंच लागतं.

पेटीवर शेड किंवा बॅच नंबर असतो. सगळ्या पेट्यांवर तो एकच आहे का हे दुकानातच बघावं. एकाच डिझाइनच्या दोन बॅचमध्ये रंगाचा बारीक फरक असतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो कळत नाही, भिंतीवर लागल्यावर मात्र रोज दिसतो.

दुकानदार साधारणपणे तीन टाइल्सचा संच दाखवतो. खाली गडद, वर फिकट आणि मध्ये नक्षीची हायलायटर. चार बाय सहाच्या बाथरूमला एकच छोटा झरोका असेल तर गडद रंग तीन फुटांच्या वर नेऊ नये, खोली अंधारी होते. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार असतील तर काळ्या, गडद चकचकीत टाइल्सवर पांढरे ओघळ सर्वात आधी दिसतात. पाण्यात लोहाचा अंश असेल तर पांढऱ्याशुभ्र टाइल्सवर तांबूस डाग उठतात. जांभ्याच्या पट्ट्यात हे बऱ्याच ठिकाणी दिसतं. अशा घरात मळकट क्रीम, फिका करडा किंवा दगडी छटा शहाणपणाची.

किती पेट्या लागतील? हिशेब असा

चार फूट बाय सहा फुटांचं बाथरूम घेऊ. चारही भिंतींची लांबी मिळून वीस फूट. सात फुटांपर्यंत टाइल्स लावायच्या तर २० गुणिले ७, म्हणजे १४० चौरस फूट. त्यातून अडीच बाय सात फुटांचं दार वजा केलं की साडेसतरा गेले, दोन बाय दीड फुटांचा झरोका वजा केला की तीन गेले. उरले साडेएकशे एकोणीस, म्हणजे ११९.५ चौरस फूट. कटिंग आणि तुटीसाठी दहा टक्के धरले की साधारण १३२. बारा बाय अठरा इंची टाइल दीड चौरस फुटाची. पेटीत सहा असतील तर पेटी नऊ चौरस फुटांची. म्हणजे १५ पेट्या.

आता खर्च वाचवण्यासाठी काही जण जिथे पाणी उडतं त्या दोन भिंती सात फूट आणि उरलेल्या दोन भिंती चार फूट करतात. त्याचा हिशेब असा. पाण्याच्या बाजूच्या एक सहा फुटी आणि एक चार फुटी भिंतीचे ७० चौरस फूट. उरलेल्या दोन भिंतींचे चार फुटांपर्यंत ४०, त्यातून दाराचे १० वजा, म्हणजे ३०. एकूण १००, दहा टक्के धरून ११०. म्हणजे १३ पेट्या. वाचल्या फक्त दोन पेट्या, आणि वरच्या तीन फुटांच्या रंगाचा खर्च वेगळा. छोट्या बाथरूममध्ये अर्ध्या उंचीच्या टाइल्सने वाटते तितकी बचत होत नाही. बाथरूम मोठं असेल, किंवा वर कौलं असून भिंतीचा वरचा भाग हवेशीर असेल, तर मात्र वरती चुना किंवा रंग ठेवणं परवडतं.

एक पेटी जास्तीची घेऊन माळ्यावर ठेवावी. पाच वर्षांनी पाइप फोडायची वेळ आली तर ते डिझाइन बाजारात मिळत नाही.

टाइल पडते ती मागच्या पोकळीमुळे

टाइल्स लावण्याआधी भिंतीतले पाइप तपासून घेणं सर्वात महत्त्वाचं. प्लंबरकडे दाब देऊन पाइप तपासायचा हातपंप असतो. तो नसेल तर निदान सगळे नळ बंद करून पाइपमध्ये टाकीचं पूर्ण पाणी एक दिवस ठेवावं आणि प्रत्येक सांध्यावर कोरडा हात फिरवून बघावा. गिझरची वायर, शॉवरचा पाइप, एक्झॉस्टचं भोक, आरशाची जागा हे सगळं टाइल लागण्याआधी ठरलेलं हवं.

चिऱ्याची भिंत सपाट नसते. गिलावा एकाच हातात जाड न मारता दोन हातांत मारावा आणि निदान सात दिवस पाणी मारावं. वाळूकडे लक्ष द्यावं. खाडीची वाळू न धुता वापरली तर तिच्यातलं मीठ पुढे वर्षानुवर्षं भिंतीतून खार होऊन बाहेर येतं. रंग फुगतो, सांधे भुसभुशीत होतात, लोखंड गंजतं. वाळू गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय गिलाव्याला घेऊ नये.

गिलाव्यानंतर, टाइलच्या आधी, वॉटरप्रूफिंगचे दोन हात हवेत. जमिनीवर पूर्ण, सगळ्या भिंतींना खालून निदान एक फूट आणि शॉवरच्या भिंतीला डोक्याच्या उंचीपर्यंत. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तो कोपरा सर्वात नाजूक. तिथे जाळीचं कापड दाबून वर हात द्यावा. सुकल्यावर जाळीचं तोंड बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी २४ तास साठवून ठेवावं. खाली किंवा बाजूला ओल आली नाही तरच टाइल्सना हात घालावा. या एका दिवसाची घाई पुढे सगळं फोडायला लावते.

सिमेंटने लावायच्या सिरॅमिक टाइल्स आधी पाण्यात भिजवाव्या लागतात. कोरडी टाइल सिमेंटमधलं पाणी ओढून घेते आणि सिमेंट कच्चं राहतं. केमिकलने लावताना मात्र टाइल भिजवायची नसते. पद्धत कोणतीही असो, मसाला टाइलच्या पूर्ण पाठीवर पसरलेला हवा. मध्ये एक गोळा ठेवून टाइल दाबली की काम भराभर होतं, पण चारही कोपरे पोकळ राहतात. त्या पोकळीत पाणी शिरतं, खिळा मारला की टाइल तडकते आणि मोठी टाइल एखाद्या दिवशी अंगावर येते. केमिकल दात असलेल्या करणीने, म्हणजे दातेरी पट्टीने, ओढून सारखं पसरवतात. २० किलोच्या पोत्यात तीन मिलिमीटर जाडीने साधारण ४५ ते ५० चौरस फूट होतात. गवंडी एका पोत्यात शंभर फूट करून दाखवत असेल तर मागे पोकळी आहे असं समजावं.

तपासणी सोपी आहे. टाइल्स लागल्यावर दोन-तीन दिवसांनी नाण्याने किंवा लाकडी दांड्याने प्रत्येक टाइलवर हलकेच ठोकायचं. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कोणालाही कळतो. पोकळ आवाजाच्या टाइल्सवर खडूने खूण करून त्या बदलून घ्याव्यात, आणि मजुरीचा शेवटचा हप्ता त्यानंतर द्यावा.

सर्वात खालची भिंतीची रांग जमिनीच्या टाइल्स झाल्यावर लावावी, म्हणजे भिंतीची टाइल जमिनीच्या टाइलवर उतरते आणि ओघळणारं पाणी सांध्यात न शिरता जमिनीवर येतं. जमिनीचा उतार जाळीकडे सहा फुटांना साधारण एक इंच असावा.

सांधे: काळे पडतात ते हेच

दोन टाइल्समध्ये दोन मिलिमीटरची फट प्लास्टिकचे स्पेसर लावून ठेवतात. "फट नको, चिकटवून लावा, छान दिसतं" असा आग्रह घरमालकच धरतो. पण टाइल आणि भिंत उन्हापावसाने थोडी आखडते, थोडी फुगते. जागा नसेल तर टाइल उचलते किंवा कडेला टवका जातो.

सांधे चोवीस तासांनी भरावेत. नुसतं व्हाइट सिमेंट स्वस्त आहे, पण ते पाणी पितं, पिवळं आणि मग काळं होतं. त्यापेक्षा तयार ग्राउट बरं. शॉवरच्या कोपऱ्यात आणि जमिनीला परवडत असेल तर इपॉक्सी ग्राउट घ्यावं. ते महाग आहे आणि लावायला सराईत हात लागतो, पण पाणी पीत नाही. ॲसिडने टाइल्स धुण्याची सवय मात्र सोडावी. ॲसिड डागाबरोबर सिमेंटचा सांधाही खातं, आणि खाल्लेल्या सांध्यातूनच पुढे पाणी भिंतीत उतरतं.

रंग: कुठे चालतो, कुठे नाही

ज्या भिंतीवर रोज थेट पाणी पडतं तिथे रंगाचा खर्च करू नये. टाइल्सच्या वरची भिंत, छत, संडासाची वरची भिंत, बेसिनच्या आसपासचा कोरडा भाग, इथे रंग चालतो.

आपल्याकडे बाथरूम म्हणजे ऑइल पेंट हे समीकरण आहे. पाणी उडालं तरी पुसता येतं हा त्याचा गुण खरा. पण ऑइल पेंट भिंतीचा श्वास बंद करतो. मागून ओल आली की फुगे धरतात. शिवाय नव्या गिलाव्यावर तो लगेच मारला तर ताज्या सिमेंटमधल्या अल्कलीने त्यातल्या तेलाचा साबण होतो आणि रंग चिकट होऊन सुटतो. नव्या गिलाव्याला निदान चार आठवडे द्यावेत. पाऊस असेल तर त्याहून जास्त.

डिस्टेंपर बाथरूमसाठी नाही, वाफेने तो विरघळतो. पीओपीचंही तेच. बेडरूमला मारलेली पीओपी उरली म्हणून बाथरूमच्या छताला मारली की पहिल्या पावसाळ्यात ती मऊ पडते. पुट्टी घ्यायची तर व्हाइट सिमेंटची घ्यावी, पातळ दोन हात. त्यावर ओल आणि अल्कली सहन करणारा प्रायमर आणि वर बुरशीरोधक, धुता येणारा इमल्शन. जुना रंग सुटत असेल तर त्याच्यावर नवा हात मारू नये. नवा रंग जुन्याला धरून बसतो आणि जुना पडला की दोन्ही पडतात. पत्रीने खरवडून घट्ट थरापर्यंत जावंच लागतं. रंगाच्या कामातला अर्धा वेळ या खरवडण्याचा असतो. कंत्राट ठरवताना तो धरलेला आहे का हे विचारावं.

वॉलपेपर: होमस्टेवाल्यांनी आधी विचार करावा

मालवण, तारकर्ली, वेंगुर्ल्याच्या बाजूला पर्यटकांसाठी खोल्या झाल्या आणि फोटोत छान दिसावं म्हणून बाथरूमलाही वॉलपेपर लावण्याची हौस आली. कागदी वॉलपेपर बाथरूममध्ये लावूच नये. व्हिनाइलचा, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला वॉलपेपर पुसता येतो, पण त्याचा गोंद आणि कडा पाण्याला टिकत नाहीत. समुद्राच्या काठची हवा वर्षभर दमट असते. त्यात चार महिने खोली बंद राहिली तर कागदाच्या मागे बुरशी वाढते. वरून ती दिसत नाही, वासाने कळते. पाहुण्याने तक्रार केल्यावर कागद सोलला की मागची भिंत काळी निघते.

वॉलपेपर लावायचाच असेल तर जागा निवडून लावावा. आंघोळीची जागा वेगळी असलेल्या बाथरूममधली बेसिनच्या वरची कोरडी भिंत, किंवा बाहेरचा पॅसेज. भिंत आतली हवी, जिच्या पलीकडे पाऊस लागत नाही. प्लास्टिकच्या तुकड्याची चाचणी भर पावसाळ्यात करून ती कोरडी निघाली तरच. नेहमीचा रोल साधारण २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब असतो, म्हणजे ५७ चौरस फूट. नक्षी जुळवताना त्यातला काही भाग वाया जातो, हे धरून घ्यावं.

मोबाइलवरून मागवले जाणारे चिकटवायचे फोमचे पत्रे स्वस्त आणि लावायला सोपे. पण त्यांच्यामागेही ओल अडकते आणि काढताना ते रंग आणि पुट्टीचा थर घेऊनच निघतात. भाड्याच्या खोलीत एका भिंतीपुरते ठीक, स्वतःच्या घरातल्या ओल्या भिंतीवर नकोत. पीव्हीसीच्या पट्ट्या पाण्याला टिकतात, पण त्यांच्या मागच्या फटीत झुरळं आणि बुरशी दोन्ही होतात. त्यामुळे भिंत आधी कोरडी आणि फटी बंद हव्यात.

चुलवण असलेलं न्हाणीघर

अजूनही पुष्कळ घरांत न्हाणीघरातच चुलवण असते आणि पाणी लाकडांवर तापतं. तिथल्या भिंतीला धुराचा तेलकट थर बसलेला असतो. त्याच्यावर कोणताही रंग धरत नाही. आधी सोड्याच्या गरम पाण्याने घासून थर काढावा लागतो. चुलीच्या लगतच्या भिंतीला टाइल लावू नये. एका बाजूने जाळ आणि दुसऱ्या बाजूने गार पाण्याचा शिडकावा यात तिला तडे जातात. तेवढी भिंत उघड्या चिऱ्याची किंवा चुन्याची ठेवून दरवर्षी एक हात चुना द्यावा, आणि टाइल्स आंघोळीच्या बाजूला लावाव्यात. वॉलपेपर, फोम आणि पीव्हीसी अशा न्हाणीघरात आणूच नयेत, आगीचा धोका आहे.

घरात म्हातारं माणूस असेल तर

भिंत सजवताना जमिनीकडे दुर्लक्ष होतं. घसरून मोडलेलं खुब्याचं हाड वयस्क माणसाला अंथरुणाला खिळवू शकतं. जमिनीला खरखरीत, मॅट फिनिशची टाइलच घ्यावी. दुकानात तिच्यावर पाणी ओतून, चप्पल काढून उभं राहून बघायला लाजू नये. भिंत आणि जमीन यांचे रंग वेगळे ठेवावेत. दोन्ही एकाच पांढऱ्या रंगाचे असले की मोतीबिंदू असलेल्या माणसाला जमीन कुठे संपते ते कळत नाही. धरायचा दांडा कमोडच्या आणि नळाच्या बाजूला हवाच. पण तो नुसत्या टाइलला धरून चालत नाही. स्क्रू टाइल आणि गिलावा ओलांडून चिऱ्यात गेला पाहिजे. त्याची जागा टाइल लावतानाच ठरवून मागे भरीव मसाला भरून घ्यावा.

घरकुलाचं बाथरूम असेल तर

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपयांचं, आणि शौचालयासाठी स्वच्छ भारत अभियानातून १२ हजार रुपये. एवढ्यात सगळीकडे टाइल्स होणार नाहीत हे उघड आहे. अशा वेळी क्रम लावावा. पहिला पैसा पाइप, उतार आणि वॉटरप्रूफिंगवर. दुसरा जमिनीच्या न घसरणाऱ्या टाइलवर किंवा खरखरीत फरशीवर. तिसरा पाण्याच्या बाजूच्या दोन भिंतींच्या टाइल्सवर. उरलेल्या भिंतींना घोटलेला सिमेंटचा गिलावा आणि चुना पुरतो. टाइल्स दोन वर्षांनी लावता येतात. त्यांच्या खालचं वॉटरप्रूफिंग मात्र नंतर करायचं तर सगळं उखडावं लागतं.

मिस्त्रीशी आधीच ठरवा

कामाला सुरुवात होण्याआधी या गोष्टी स्पष्ट बोलून, शक्य तर वहीत लिहून घ्याव्यात:

- मजुरी चौरस फुटाने की अंगावर? कटिंग, कोपरे, झरोक्याच्या कडा त्यात धरल्या आहेत का?
- जुन्या टाइल्स फोडणं आणि राबिट टाकणं कोणाकडे?
- सिमेंटने लावणार की केमिकलने? केमिकलची पोती कोण आणणार?
- वॉटरप्रूफिंगनंतर २४ तास पाणी साठवून दाखवणार का?
- पोकळ निघालेल्या टाइल्स कोणाच्या खर्चाने बदलायच्या?
- रंगाच्या कामात खरवडणं, पुट्टी आणि प्रायमरचे हात किती?
- उरलेल्या पूर्ण पेट्या दुकानदार परत घेणार का? बिल घेतलं आहे का?

चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही. उलट "पाणी साठवायला एक दिवस द्या" असं तोच आधी सांगतो. चतुर्थीला चार दिवस उरले असताना मात्र त्यालाही तो दिवस देता येत नाही. म्हणून यंदा बाथरूम धुऊन, चुना देऊन गणपती आणावा, आणि पावसाळा संपण्याआधी ओल कुठे कुठे येते त्याच्या खुणा भिंतीवर खडूने करून ठेवाव्यात. दिवाळीनंतर काम काढताना भिंत कोरडी दिसेल, पण नेमकं पाणी कुठून येतं हे त्या खुणाच सांगतील.